निर्जन कुणाला म्हणता?

दोस्तांनो, आधी एक शब्द नीट ऐका. निर्जन. जिथे जन नाहीत ते निर्जन. पुस्तकात हा शब्द साधाभोळा दिसतो. पण अंतराळातल्या अणुशक्तीचा इतिहास उघडा, हा शब्द पुन्हा पुन्हा आडवा येतो. युरेनियमची खाण कुठे खणली? निर्जन प्रदेशात. अणुरॉकेट कुठे पेटवून पाहिलं? निर्जन वाळवंटात. अणुभट्टीवाला उपग्रह कुठे कोसळला? निर्जन बर्फात. वाया गेलेलं प्लुटोनियम कुठे बुडालं? निर्जन समुद्रात. च्यायला, ही पृथ्वी एवढी मोकळी होती तर माणसं राहत कुठे होती?

रविवारच्या पुरवण्यांना हा सवाल पडत नाही. तिथे छापून येतं ‘मानवाची झेप’, ‘अणूची किमया’, ‘ताऱ्यांकडे वाटचाल’. मानवाची! कुठल्या मानवाची? पाठीवर गोणी वाहणारा मानव त्यात धरलाय की वगळलाय? आपले पांढरपेशे विज्ञानभक्त खुर्चीत रेलून आभाळाकडे बघतात. पायाखाली कोण दबलंय ते बघायला त्यांची मान वाकत नाही. दुसऱ्या बाजूला ‘सगळं बंद करा’वाले आहेत. अणू म्हटलं की त्यांना राक्षस दिसतो, पण घरातला दिवा मात्र लागलाच पाहिजे. या दोघांच्या भांडणात आपल्याला पडायचं नाही. आपला सवाल रोकडा आहे. या झेपेचा खर्च कुणाच्या अंगावरून वसूल झाला, आणि हिशेबाच्या वहीत त्याचं नाव का नाही?

आधी विज्ञानाचं देणं चोख देऊन टाकू. सूर्यापासून लांब गेलं की ऊन पातळ होत जातं. गुरूपाशी ते पृथ्वीवरच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी, शनीपाशी शंभराव्या हिश्शाच्या आसपास, नेपच्यूनपाशी नऊशेवा हिस्सा. तिथे सौर पाट्यांवर यान चालवणं म्हणजे काजव्यावर भाकरी भाजणं. चंद्रावरची एक रात्र पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढी. त्या थंडीत यंत्राची हाडं गोठतात. म्हणून इंजिनिअरांनी प्लुटोनियम-२३८ हाताशी धरलं. हे बाँबातलं प्लुटोनियम नव्हे, बाँबातलं ते २३९. हे २३८ आपसूक फुटत राहतं, अल्फा कण सोडतं, आणि त्याची गोळी स्वतःच्याच उष्णतेने निखाऱ्यासारखी लाल होते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याची एक बाजू त्या निखाऱ्याला आणि दुसरी बाजू अंतराळातल्या थंडीला लावली की वीज निघते. फिरणारं चाक नाही, झिजणारा पट्टा नाही. अर्धआयुष्य सुमारे ८८ वर्षं.

याच अणुबॅटरीवर १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ पंचेचाळीस वर्षं उलटून गेल्यावरही २४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडून घरी निरोप धाडत राहिलं. १९७० साली सोव्हिएत रशियाची लुनोखोद-१ गाडी पोलोनियमच्या शेगडीवर चंद्रावरच्या रात्री काढत राहिली. उलट २०१४ साली युरोपचं फिले यान धूमकेतूवर उतरलं, कड्याच्या सावलीत अडकलं, ऊन मिळेना, आणि अडीच दिवसांत बॅटरी संपून झोपी गेलं. २०२३ साली आपले विक्रम आणि प्रज्ञान चंद्रावर एक दिवस झकास राबले आणि रात्र झाल्यावर झोपले ते पुन्हा उठले नाहीत. त्यांच्याजवळ अशी शेगडी नव्हती. तेव्हा अणूशिवाय लांबचं अंतराळ हाती येत नाही, ही गोष्ट खरी आहे. विज्ञान बामणाच्या पोथीसारखं कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. ते आपलंही आहे. आणि आपलं आहे म्हणूनच त्याचा हिशेब मागायचा आपला हक्क आहे.

हिशेब खाणीपासून सुरू करू.

कॅनडाच्या उत्तर टोकाला ग्रेट बेअर लेक नावाचं समुद्राएवढं तळं आहे. १९३० साली त्याच्या काठी पिचब्लेंड सापडलं, म्हणजे ज्यातून रेडियम आणि युरेनियम निघतं तो काळा दगड. एल्डोराडो नावाच्या कंपनीने तिथे पोर्ट रेडियम ही खाण उघडली. १९४२ साली अमेरिकेच्या बाँबसाठी ती गुपचूप पुन्हा चालू झाली. १९४४ साली कॅनडा सरकारने कंपनीच ताब्यात घेतली. युरेनियम १९६० पर्यंत निघत राहिलं. तळ्याकाठी राहणारे डेने लोक. शिकारी, कोळी, कॅरिबू हरणांच्या मागे फिरणारे. त्यांच्यातल्या पुरुषांना हमाली मिळाली. पंचेचाळीस किलोची गोणी पाठीवर घ्यायची, बोटीतून उतरवायची, दुसऱ्या बोटीत चढवायची. दगडाची भुकटी अंगावर, जेवणात, अंथरुणात. रिकाम्या गोण्यांचं कापड तंबूला वापरलं, असं तिथले म्हातारे सांगतात. दगड धोक्याचा आहे हे सरकारी खाण खात्याला १९३० च्या दशकापासून ठाऊक होतं. हमालाला कुणी सांगितलं नाही. पुढे डेलिने गावात गोणी वाहणारे बाप्ये कॅन्सरने गेले. त्या गावाला ‘विधवांचं गाव’ असं नाव पडलं.

आता बेइमानी बघा. गावाने जाब विचारला, सरकारशी बोलणी झाली, २००५ साली अहवाल आला. अहवाल काय म्हणतो? अमुक माणूस किरणोत्सर्गानेच मेला असं खात्रीने सांगता येत नाही. कसं सांगता येईल? हमालाच्या छातीत किती धूळ गेली ते कुणी मोजलं होतं? खाणीतल्या दगडात युरेनियम किती टक्के ते दाण्यादाण्याने मोजलं, आणि माणसाची नोंदच ठेवली नाही. मग चाळीस वर्षांनी त्याच्याच विधवेला म्हणायचं, बाई, पुरावा आण! नोंद न ठेवणारा तोच, पुरावा मागणाराही तोच. आणि ज्यांनी गोण्या वाहिल्या त्यांची माणुसकी बघा. ऑगस्ट १९९८ मध्ये डेलिनेची माणसं स्वतः हिरोशिमाला गेली आणि आमच्या भूमीतला दगड तुमच्या विरोधात वापरला गेला म्हणून त्यांनी बाँबपीडितांची माफी मागितली. बाँब बनवणाऱ्यांना, टाकणाऱ्यांना जे सुचलं नाही ते हमालाला सुचलं.

इथे पुरवणीवाला मध्येच हात वर करतो. म्हणतो, अहो, हा तर बाँबचा इतिहास, अंतराळाचा काय संबंध? संबंध असा की अंतराळातलं प्लुटोनियम बाँबच्या चुलीवरच शिजलेलं आहे. प्लुटोनियम-२३८ जमिनीत सापडत नाही. युरेनियम अणुभट्टीत जाळलं की त्यातून नेप्चुनियम निघतं, ते पुन्हा भट्टीत घातलं की २३८ मिळतं. अमेरिकेत हे काम दक्षिण कॅरोलिनातल्या सव्हॅना रिव्हरच्या भट्ट्यांत झालं, आणि त्या भट्ट्या बांधल्या होत्या बाँबसाठी. १९८८ नंतर तिथलं उत्पादन थांबलं. मग रशियाकडून विकत घेतलं, आणि २०१५ साली ओक रिजमध्ये पहिले ५० ग्रॅम नव्याने काढले. चूल एक, सरपण एक, सरपण तोडणाराही एकच. भाकरी तेवढी वेगळ्या ताटात वाढली.

सरपण तोडणारे आणखी कोण? नावाहो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला त्यांच्या भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियम-दगड काढला गेला. बंद पडलेल्या पाचशेहून जास्त खाणी तोंड वासून तशाच टाकल्या. दीर्घकाळ या दगडाचं गिऱ्हाईक एकच होतं, सरकारचा अणुऊर्जा आयोग. ज्या आयोगाने अंतराळासाठी अणुबॅटऱ्या आणि अणुरॉकेटं बनवली तोच हा आयोग. कुठल्या टोपलीतला दगड कुठल्या यानात गेला ते विचारत बसू नका, दुकान एक होतं. १९५० पासून सरकारी डॉक्टर त्या खाणकामगारांना तपासत होते, छाती बघत होते, आकडे लिहीत होते. खाणीतल्या रेडॉन वायूने फुप्फुस सडतं हा संशय त्यांना होता. कामगाराला सांगितलं नाही. खाणीतल्या हवेवर केंद्र सरकारचा बंधनकारक नियम यायला १९६० चं दशक संपत आलं. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर प्लुटोनियमची बॅटरी नेऊन ठेवली. चंद्रावरच्या यंत्राला ऊब मिळाली. खाणीतल्या माणसाला तोवर धड हवा मिळत नव्हती. भरपाईचा कायदा झाला १९९० साली. जून २०२४ मध्ये त्याची मुदत संपू दिली आणि जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. फुप्फुसाच्या कॅन्सरवाल्याने मधलं एक वर्ष श्वास रोखून धरायचा होता काय?

आणि लाल झेंड्याकडे बघून कुणी छाती फुगवू नका. सोव्हिएत युरेनियमचा मोठा हिस्सा पूर्व जर्मनीतल्या विस्मुट खाणींतून आला. तिथेही हजारो कामगारांची फुप्फुसं गेली. झेंडा कुठलाही असो, टोपली उचलणाराच्या छातीत धूळ तीच जाते.

खाणीनंतर प्रयोगभूमी. अमेरिकेला नुसती बॅटरी पुरेना, अणुरॉकेट पाहिजे होतं. कल्पना जबरदस्त. भट्टीच्या गाभ्यातून हायड्रोजन सोडायचा, तो तापून मागे सुसाट बाहेर पडतो, आणि तेवढ्याच वजनाच्या इंधनात साध्या रॉकेटच्या जवळजवळ दुप्पट काम होतं. १९५५ ते १९७३ या काळात हा रोव्हर प्रकल्प चालला आणि सुमारे वीस भट्ट्या पेटवून पाहिल्या. कुठे? नेवाडाच्या वाळवंटात. भट्टीतून निघालेला हायड्रोजन थेट उघड्या हवेत सोडला. १२ जानेवारी १९६५ ला तर एक भट्टी मुद्दाम बेफाम करून फोडली. अपघात झालाच तर काय होतं ते बघायला!

हे वाळवंट कुणाचं? वेस्टर्न शोशोनी लोकांचं. १८६३ च्या तहात त्यांनी गोऱ्यांना वाट दिली होती, जमीन दिली नव्हती. मग सरकारने काय केलं? १९७९ साली जमिनीचे म्हणून २ कोटी ६० लाख डॉलर सरकारच्याच तिजोरीत, शोशोनींच्या नावाने, जमा केले. सरकारने सरकारला पैसे दिले! शोशोनी म्हणाले, आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पैसे पोचले. डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचे, पावती स्वतःच फाडायची, आणि घरमालकाला सांगायचं की तुझं घर विकलं गेलं. मग ती जागा कागदावर निर्जन व्हायला कितीसा वेळ?

आता पडझड बघू. २१ एप्रिल १९६४. अमेरिकेचा एक नौदलाचा उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. त्यावर सुमारे १ किलो प्लुटोनियम-२३८ ची बॅटरी होती, नाव स्नॅप-९ए. हिंदी महासागरावर, मादागास्करच्या बाजूला, ती वातावरणात जळून विखुरली. आणि ऐका, ती बिघडून जळली नाही. तिची रचनाच तशी होती! परत आलीच तर उंचावर जळून जावी, धूर होऊन जगभर पसरावी, म्हणजे कुठे एका जागी ढीग पडायला नको. वाटून टाका, म्हणजे कुणालाच दिसणार नाही. पुढे ते प्लुटोनियम जगभरच्या मातीत सापडलं. त्यानंतर अक्कल आली आणि बॅटरीचं कवच असं केलं की ती पडली तरी फुटू नये. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघालेलं निंबस उपग्रहाचं रॉकेट उडवून द्यावं लागलं, तेव्हा त्यातलं प्लुटोनियम समुद्रातून अख्खं वर काढलं आणि पुढल्या उपग्रहात वापरलं. १९७० साली अपोलो-१३ परत फिरलं तेव्हा त्याची बॅटरी पॅसिफिकमध्ये, टोंगाजवळच्या खोल दरीत गेली. गळती आढळली नाही. इंजिनिअरांनी मनावर घेतलं तर काय करता येतं याचा हा पुरावा आहे. मग सवाल उलटा पडतो. १९६४ च्या आधी का मनावर घेतलं नाही? कारण धूर ज्यांच्यावर पसरणार होता त्यांनी मत दिलेलं नव्हतं, आणि त्यांचं मत कुणी मागितलंही नव्हतं.

आणि मग २४ जानेवारी १९७८. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-९५४, समुद्रातल्या अमेरिकी जहाजांवर पाळत ठेवणारा हेर. पोटात बॅटरी नव्हे, समृद्ध युरेनियमची जिवंत अणुभट्टी. काम संपलं की भट्टी उंच कक्षेत फेकायची अशी योजना होती. ती फसली. उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत तुटून पडला. ग्रेट स्लेव्ह लेकपासून बेकर लेकपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरच्या पट्ट्यात तुकडे सांडले. कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी १ लाख २४ हजार चौरस किलोमीटर धुंडाळले. भट्टीतलं बहुतेक युरेनियम हाती लागलंच नाही. आणि जगाला कळवलं गेलं की नशीब, निर्जन भागात पडला!

ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी कोण राहतं? डेने. बेकर लेकला कोण राहतं? इनुइट. बारीक कण स्नोड्रिफ्ट नावाच्या डेने गावाच्या परिसरातही सापडले. त्या गावाला आज लोक लुत्सेल के या आपल्या नावाने हाक मारतात. त्यांच्या हरणांच्या वाटा, त्यांच्या जाळ्यांची तळी, त्यांचे सापळे त्याच पट्ट्यात. लोक विचारत राहिले, मासा खायचा की नाही? बर्फ वितळवून पाणी प्यायचं की नाही? शहरातल्या माणसाला हे घाबरणं अडाणीपणाचं वाटतं, कारण त्याचं मटण दुकानातून येतं.

हिशेब कसा झाला तोही बघा. कॅनडाने रशियाला ६० लाख डॉलरचं बिल लावलं. १९८१ साली ३० लाखांवर मिटलं. हे बिल कशाचं? शोधाशोध आणि साफसफाईच्या खर्चाचं. विमानाच्या पेट्रोलची किंमत झाली. हिवाळ्याच्या तोंडच्या घासावरून उडालेल्या विश्वासाची किंमत करायला रकाना नव्हता.

दोस्तांनो, आता नकाशावर दोन बोटं ठेवा. एक ग्रेट बेअर लेकवर, जिथून दगड निघाला. एक ग्रेट स्लेव्ह लेकवर, जिथे भट्टी पडली. एकाच मुलखातली दोन तळी. दोन्हीकडे डेने. ज्यांच्या मुलखातून युरेनियम पाठीवर वाहून नेलं त्यांच्याच मुलखावर पस्तीसेक वर्षांनी युरेनियम आभाळातून आलं. मधे बाँब झाले, उपग्रह झाले, शीतयुद्ध झालं, नोबेल झाली, तिकिटं छापली. डेने दोन्ही टोकांना उभे, आणि दोन्ही वेळा कागदावर नाहीत.

हा योगायोग नव्हे, हे गणित आहे. धोका मोजायचा हिशेब असा असतो: अपघाताची शक्यता गुणिले इजा होणारी माणसं. गुणाकारात एक आकडा शून्य केला की सगळंच शून्य. ‘निर्जन’ हे त्या शून्याचं मराठी नाव. म्हणून धोक्याचं काम नेहमी अशा जागी जातं जिथे माणसं विरळ आहेत, गरीब आहेत, किंवा माणसांत धरलेलीच नाहीत. आणि एकदा काम तिथे गेलं की आकडे सांगतात, बघा, किती सुरक्षित! पण डेने माणसाचं घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हरणं जिथवर जातात तिथवर त्याचं घर. त्याच्या घराला तुम्ही रिकामी जागा म्हणता, कारण तुम्हाला तिथे दार दिसत नाही. ‘गावाबाहेर’ हा शब्द ज्यांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या उमटलाय त्यांना ‘निर्जन’ कळायला डिक्शनरी लागत नाही.

हे सगळं कॅनडा-अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. चंद्रयान-३ च्या प्रणोदन भागावर, म्हणजे जो चंद्राभोवती फिरत राहिला त्या भागावर, भारताच्या अणुऊर्जा खात्याने बनवलेल्या दोन छोट्या अणुशेगड्या होत्या, एकेक वॅटच्या. प्रयोग म्हणून ठेवलेल्या. उद्याचं यान रात्रीत टिकावं म्हणून. चांगली गोष्ट आहे, व्हायला पाहिजे. पण ज्या खात्याने शेगडी बनवली त्या खात्याचं युरेनियम कुठून सुरू झालं? झारखंडातल्या जादूगोड्यातून, १९६७ पासून. हो, संथाळ, मुंडा आदिवासींच्या शेजाराने. दगड दळून उरलेला गाळ तिथल्याच तलावांत साठतो. डिसेंबर २००६ मध्ये तो गाळ नेणारा पाइप फुटला आणि गाळ ओढ्यात गेला. कंपनीला खबर कुणी दिली? गावकऱ्यांनी. चंद्रावर यान उतरताना एका सेकंदाला किती मीटर वेग आहे ते देशाने टीव्हीवर बघितलं. जादूगोड्याच्या ओढ्यात काय चाललंय ते बघायला एक माणूसही ठेवलेला नव्हता.

आणि ही जुनी मढी उकरण्याची हौस नाही. २०१८ साली संपलेल्या चाचणीत अमेरिकेने अंतराळासाठी छोटी अणुभट्टी पुन्हा पेटवून पाहिली. कुठे? नेवाडात, त्याच भूमीवर. ऑगस्ट २०२५ मध्ये नासाने फर्मान काढलं की २०३० पर्यंत चंद्रावर १०० किलोवॅटची अणुभट्टी पाहिजे. चंद्रावरच्या वीजघरासाठी रशिया आणि चीननेही हातमिळवणी केली आहे. शर्यत लागली की पहिलं काय कापलं जातं ते आपल्याला माहीत आहे. मजुराचा मुखवटा, पाण्याची तपासणी, गावाची परवानगी.

म्हणून विज्ञानभक्तांनो, नुसतं ‘विज्ञानाला विरोध’ म्हणून आमच्या तोंडावर शिक्का मारू नका. कमी माणसं मेली, अपघात थोडे झाले, हेही सांगू नका. उड्डाणानंतरचे अपघात थोडेच आहेत, ते आम्ही वर मोजून दाखवले. पण यान उडण्याआधी जी माणसं मेली ती तुमच्या अपघातांत धरलेलीच नाहीत. आणि ‘दुसरा इलाजच नव्हता’ हे तर अजिबात सांगू नका. गुरूपाशी सौर पाट्या चालणारच नाहीत असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१६ साली जुनो यान मोठ्ठ्या सौर पाट्या पसरून गुरूपाशी पोचलं आणि राबलं. इलाज नसतो तेव्हा बहुतेक वेळा तो शोधायची निकड नसते.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक. यानाचा खर्च खाणीपासून मोजा. किरणोत्सर्गी दगड ज्याने काढला, वाहिला, दळला, त्याच्या आयुष्यभराच्या औषधाचे पैसे मोहिमेच्या बजेटात उड्डाणाआधी बाजूला काढा. मेल्यावर कायदा आणि कायद्याला मुदत, हा धंदा बंद.

दोन. नोंद ठेवा. यानातल्या एकेका स्क्रूचा नंबर लिहिता, मग खाणीतल्या माणसाच्या छातीत काय गेलं तेही लिहा. ती वही कंपनीच्या कपाटात नको, गावाच्या हातात पाहिजे. आणि नोंद नसेल तर पुरावा देण्याचं ओझं कंपनीवर, विधवेवर नाही.

तीन. जिथे ऊन पुरतं तिथे अणू नको. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेच तत्त्व मंजूर केलं. दुसऱ्या मार्गाने जे होणारच नाही त्याच मोहिमेला अणू, आणि भट्टी चालवायची तर पुरेशा उंच कक्षेत किंवा पार लांब. पण ते तत्त्व बंधनकारक नाही, नुसता सुविचार आहे. त्याचा कायदा करा.

चार. ज्याच्या भूमीत खणायचं, ज्याच्या भूमीवर पेटवून बघायचं, ज्याच्या डोक्यावरून उडवायचं, त्याला आधी विचारा. त्याच्या भाषेत विचारा. आणि तो नाही म्हणाला तर ते नाही म्हणून लिहा, ‘निर्जन’ म्हणून लिहू नका.

व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरच्या पंचावन्न भाषांतले नमस्कार भरलेत, मराठीतलासुद्धा. अब्जावधी कोस पलीकडे कुणी असलंच तर त्याने ऐकावं म्हणून. जिथे कुणी आहे की नाही याचा पत्ता नाही तिथे हे लोक हात जोडून नमस्कार पाठवतात. आणि जिथे माणसं डोळ्यांपुढे उभी आहेत, बोलतात, खोकतात, गोण्या उचलतात, त्या जागेला निर्जन म्हणतात.

आभाळात जरूर जा. पण जायच्या आधी खाणीच्या तोंडाशी जाऊन हाक मारा. आतून ओ येते की नाही ते ऐका. ओ आली तर पहिला हिशेब तिथे चुकता करा, आणि मग रॉकेटला बत्ती लावा.